नाण्याचं गाव

‘आता फक्त गेटा राहिला. तो मिळाला की घराणं पूर्ण.’ सानगडीचा किल्ला बघायला आलेल्या एका नागपूरकर स्नेह्यांनी आपला नाण्यांचा अल्बम मिटता मिटता हे वाक्य उच्चारलं आणि तेव्हापासून ते मला सलतं आहे.

अल्बममध्ये रोमन सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसचं घराणं होतं. स्वतः सम्राट, राणी ज्युलिया डोम्ना, थोरला मुलगा काराकाला आणि त्याची बायको प्लाउटिला. धाकटा मुलगा गेटा तेवढा नव्हता. सगळी नाणी चांदीची, आपल्या रुपयाहून लहान. डोम्नाचं नाणं मी भिंगाखाली बराच वेळ निरखलं. कपाळापासून मागे वळवलेल्या केसांच्या लाटा, मागे घट्ट अंबाडा, कडेने कोरलेलं नाव. सीरियातल्या एमेसा गावची ही मुलगी रोमची राणी झाली आणि अठराशे वर्षांनी तिची केशरचना भंडारा जिल्ह्यात बसून पाहता येते, हे थोडं नाही. पण ‘हे सापडलं कुठे?’ असं विचारल्यावर उत्तर आलं, ‘व्यापाऱ्याकडून घेतलं. चेहरा स्वच्छ आहे ना, मग कुठे सापडलं याच्याशी काय करायचंय?’

माझं भांडण या उत्तराशी आहे. नाणं दोन साक्षी देतं. एक छापेची, दुसरी ठिकाणाची. छाप म्हणजे राजाला जे सांगायचं होतं ते. हा मी, ही माझी राणी, हे माझे वारस. ठिकाण मात्र कोणी हुकूम देऊन घडवत नाही. नाणं कोणाच्या कमरेला होतं, कुठवर गेलं, कोणत्या भीतीपायी मडक्यात घालून पुरलं गेलं, हे ठिकाण सांगतं. मिरी-मलमलीच्या बदल्यात रोमचं सोनं-चांदी आपल्याकडे आली, हे शाळेच्या पुस्तकात आहे. पण ऑगस्टसचे नातू गायस आणि लुसियस यांची नाणी घ्या. ढाली-भाल्यांसह उभे असलेले हे दोन राजपुत्र गादीचे वारस ठरले होते. लुसियस इसवी सन २ मध्ये गेला, गायस ४ मध्ये. छापेपुरतं पाहिलं तर ही एका घराण्याची विझलेली आशा. पण दक्षिण भारतातल्या साठ्यांत हीच नाणी मोठ्या संख्येने सापडतात, त्यांच्या नकलाही सापडतात. म्हणजे राजपुत्र गेले तरी इथल्या बाजारात त्यांची पत टिकली होती. हे कळतं ते ठिकाणावरून.

आपल्याच मुलखातला दाखला याहून ठसठशीत आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला नहपान क्षत्रपाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. तेरा हजारांहून अधिक नाणी, आणि त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. नाशिकच्या लेण्यात त्याची आई गौतमी बलश्री हिने मुलाने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश संपवल्याचं कोरून ठेवलं आहे. एखादं ठसा मारलेलं नाणं पाहून त्या जयाची कल्पना येते. पण ठसा असलेली आणि नसलेली नाणी एकाच साठ्यात मिळाली, म्हणून राज्य पालटताना बाजार कसा चालला होता ते दिसतं. तीच नाणी तेरा हजार अल्बमांत विखुरली असती, तर हे कोणाला कळलं असतं?

इथे नाणेघाटातल्या लेण्याची आठवण टाळवत नाही. त्या लेण्यात सातवाहनांचं अख्खं घराणं दगडात उभं होतं. सिमुक, राणी नायनिका, सातकर्णी, कुमार, महारठी. मूर्ती गेल्या. भिंतीवर नावं आहेत, खाली काही पावलांच्या खुणा. तरीही कोण कोणाशेजारी उभं होतं हे सांगता येतं, कारण नावांनी जागा सोडलेली नाही.

हे सगळं मी स्नेह्यांना ऐकवलं. त्यावर ते म्हणाले, ‘मग गेटाचं काय?’ हा प्रश्न बिनतोड आहे. २११ च्या डिसेंबरात काराकालाने धाकट्या भावाला आईच्या कुशीतच मारवलं आणि त्याचं नाव, त्याचा चेहरा पुसून टाकायचा हुकूम काढला. रोममधल्या सेव्हेरसच्या कमानीवरून त्याचं नाव छिन्नीने काढलं गेलं. दगड जागचा हलत नाही, म्हणून तो हुकुमाच्या तावडीत सापडला. नाणी लोकांच्या कनवटीला होती, हातोहात फिरत होती. ती बहुतेक वाचली. ज्या ठिकाणाची बाजू मी घेत होतो तेच सत्तेला सर्वांत आधी सापडतं, आणि आपली जागा सोडून निघून जाणं हाच नाण्याचा गुण ठरतो.

तेव्हा नाणं हललं ही तक्रार टिकत नाही. ते हलताना त्याच्याबरोबर ठिकाणाची चिठ्ठी गेली नाही, ही खरी तक्रार. ती चिठ्ठी कोण लिहिणार? इथून पवनी दूर नाही. तिथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात स्तूप उजेडात आला. वैनगंगेकाठच्या या मुलखात नांगराच्या फाळाला काय लागेल याचा नेम नाही. पण शेतकरी म्हणतो, ‘सापडलं त सांगाव कोनाले? पोलीस आमच्याच मांगं लागतीन.’ १८७८ चा निखात निधी कायदा दहा रुपयांहून अधिक किमतीचं धन सापडलं तर कलेक्टरला कळवायला सांगतो. मालक न निघाल्यास आणि वेगळा करार नसल्यास तीन हिस्से सापडवणाऱ्याचे, एक जमीनमालकाचा, हेही त्यातच आहे. हे मात्र गावात कोणी सांगत नाही. आणि सरकारने ते धन घ्यायचं ठरवलं, तर मोबदला मिळतो धातूच्या किमतीचा, वर तिचा पाचवा हिस्सा. म्हणजे कायदा नाण्याकडे सोनाराच्याच नजरेने बघतो. चेहऱ्याला दाम नाही, ठिकाणाला तर नाहीच.

शेतकरी, सरकार आणि संग्राहक या तिघांत गेटा आणि काराकाला यांच्यातला फरक ओळखणारा एकटा संग्राहक आहे. म्हणून संग्रह करू नका असं मी म्हणणार नाही. उलट, ठिकाणाची चिठ्ठी लिहिण्याची जबाबदारी त्याच्याइतकी कोणी पेलू शकणार नाही. त्याने दोन गोष्टी कराव्यात. ज्या नाण्याचं गाव विकणारा सांगत नाही, ते घेऊ नये. आणि रीतसर कळवलेल्या साठ्याला धातूपेक्षा अधिक मोल मिळावं म्हणून सरकारदरबारी आवाज उठवावा. सांगणाऱ्याचा फायदा झाला, तरच सांगणारे वाढतील. घराणं पूर्ण करणं हे पैशाचं काम आहे. एका नाण्याचं गाव टिकवणं हे इतिहासाचं काम आहे, आणि ते संग्राहकाच्या हातून होऊ शकतं.