विसरणे हा अपराध आहे का?



पहिल्या कम्युनियनच्या मुलांची आम्ही दरवर्षी तोंडी परीक्षा घेतो. काही वर्षांपूर्वी एक मुलगा अर्धा तास रांगेत धास्तावून उभा होता. त्याची पाळी आली, तेव्हा प्रभूची प्रार्थना म्हणता म्हणता तो मध्येच अडखळला. आम्ही आवाज चढवून सर्वांसमोर विचारले, “वर्षभर काय केलंस?” त्यानंतर त्याला एक शब्दही सुचेना. दाराशी उभी असलेली त्याची आजी म्हणाली, “फादर, घरी तर घडाघडा म्हणतो हो!” आम्हाला वाटले, आजी नातवाची बाजू घेते आहे. पुढे या विषयावर थोडे वाचन झाले आणि वाटू लागले की, आजीच खरे बोलत होती.

आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात. भीती वाटली की त्यांतून अॅड्रेनलिन हे संप्रेरक, म्हणजेच हार्मोन, तत्काळ रक्तात येते. त्यामागून कॉर्टिसॉल वाढत जाते आणि सुमारे अर्ध्या तासात शिगेला पोहोचते. हे कॉर्टिसॉल मेंदूपर्यंत जाते. शिकलेले साठवणारा आणि आठवून देणारा हिप्पोकॅम्पस नावाचा जो भाग मेंदूत आहे, त्यावर त्याचा विशेष परिणाम होतो.

स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञ डॉमिनिक द केर्व्हँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी माणसांना काही शब्द पाठ करायला दिले. दुसऱ्या दिवशी ते आठवायला सांगण्याच्या तासभर आधी काहींना कॉर्टिसोनची गोळी दिली. शरीरात गेल्यावर तिचे कॉर्टिसॉल होते. त्यांना शब्द कमी आठवले. पाठ करतेवेळी ज्यांना गोळी दिली होती, त्यांच्यावर मात्र असा परिणाम दिसला नाही. म्हणजे शिकलेले पुसले गेले नव्हते. कोठार भरलेले होते, फक्त दार उघडत नव्हते.

याची दुसरीही बाजू आहे. अमेरिकेत लॅरी काहिल आणि जेम्स मॅगॉ यांनी १९९४ साली दाखवले की, मनाला हादरा देणारा प्रसंग आपल्या लक्षात पक्का बसतो, तो याच तणावाच्या संप्रेरकांमुळे. त्यांचा परिणाम रोखणारे औषध दिले, तर तो प्रसंग साध्या प्रसंगाइतकाच लक्षात राहतो. म्हणूनच पाढा विसरतो, पण पाढ्यासाठी खाल्लेली थप्पड जन्मभर आठवते.

आता प्रश्न नीतीचा. अॅरिस्टॉटलने शिकवले की, दोष द्यायचा तो माणसाच्या स्वाधीन असलेल्या कृतीबद्दल. आपल्या ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण-ग्रंथही सांगतो की, भीतीमुळे माणसाची जबाबदारी कमी होते, कधी कधी नाहीशीही होते. त्या मुलाचे विसरणे त्याच्या हाती नव्हते. आवाज चढवणे मात्र आमच्या हाती होते. मग त्या खोलीत जाब कोणाला विचारायला हवा होता?

कोणी म्हणेल, “आम्ही छड्या खाऊनच शिकलो, काय बिघडले?” शिस्त हवी, अभ्यासाचा तगादाही हवा. थोडीशी धाकधूक माणसाला जागे ठेवते, हेही खरे. पण शिस्त आणि दहशत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिस्तीने मूल पुस्तकापाशी बसते. दहशतीने ते आपल्या चेहऱ्याकडे पाहत राहते. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याने शाळेत मुलांना मारायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला बंदी घातली. पण आपल्या जेवणाच्या टेबलावर आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात कायदा डोकावत नाही. तिथे आपला विवेकच पहारेकरी.

तो मुलगा आता कॉलेजात जातो. परवा आम्ही त्याला त्या परीक्षेबद्दल विचारले. तो हसून म्हणाला, “फादर, प्रश्न काय होता ते नाही आठवत. तुम्ही रागावलात, तेवढं आठवतं.” आम्ही त्याची क्षमा मागितली. ती बरीच उशिरा मागितली, याची खंत आहे.

ज्यांच्या घरी दहावी-बारावीची मुले आहेत, त्यांना एवढीच विनंती: पेपरच्या दिवशी सकाळी मुलगी घरातून निघताना ‘कमी मार्क पडले तर बघ’ असे म्हणू नका. तिने वर्षभर जे साठवले आहे, त्याच्या दाराला त्या वेळी आपणच कडी घालतो. तिला पोटभर न्याहारी द्या, डोक्यावरून हात फिरवा आणि जाऊ द्या.