बॅलेची गादी

बॅले म्हटलं की डोळ्यांपुढे बाईच येते. शाळांत मुलींची झुंबड, मुलगे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पण कंपनी कुणी चालवायची आणि नृत्यं कुणी रचायची हे ठरताना पारडं पुरुषांकडे झुकतं. का, असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: लायक बायका पुढे येतच नाहीत.

इतिहास काही वेगळंच सांगतो. आजच्या रॉयल बॅलेचं मूळ निनेट द व्हॅल्वा यांनी 1931मध्ये लंडनमध्ये रोवलं. कॅनडाचा नॅशनल बॅले 1951मध्ये सेलिया फ्रँका यांनी उभा केला, फिलाडेल्फियाचा पेनसिल्व्हेनिया बॅले 1963मध्ये बार्बरा वाइसबर्गर यांनी. शून्यातून उभं करायचं होतं तोवर बायका चालल्या. बस्तान बसल्यावर गादीला दावेदार निघाले. 1982मध्ये वाइसबर्गर बाहेर पडल्या, त्यानंतर तिथे एकामागून एक पुरुषच आले. द व्हॅल्वांनी 1963मध्ये सूत्रं सोडली. तेव्हापासून रॉयल बॅलेला बाई संचालक लाभली ती एकच, मोनिका मेसन, 2002 ते 2012.

अशी उदाहरणं कितीही द्या, ‘योगायोग हो’ म्हणून झटकता येतात. टक्केवारी झटकणं जड जातं. अमेरिकेतल्या डान्स डेटा प्रोजेक्टनं हेच ओळखलं. कंपन्यांचे जाहीर झालेले हंगाम घ्यायचे, प्रत्येक नृत्यापुढे रचनाकाराचं नाव टिपायचं. 2018-19च्या हंगामात 50 मोठ्या कंपन्यांनी घेतलेल्या रचनांपैकी 81 टक्के पुरुषांच्या निघाल्या. पगारासाठी तर फॉर्म 990 आहेच: ना-नफा संस्थांना तो कर खात्याकडे भरावा लागतो, त्यात वरिष्ठांचा मोबदला नावानिशी असतो आणि तो कुणालाही पाहता येतो. मला या कामातली कारकुनीच आवडते. कलेच्या क्षेत्रात ‘प्रतिभा’ हा शब्द उच्चारला की प्रश्न विचारणारा ओशाळतो. रकाने ओशाळत नाहीत.

कारण मात्र रकान्यात सापडत नाही. क्रिस्टीन विल्यम्स या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1992मध्ये नर्सिंग, ग्रंथालयं अशा बायकांच्या मानलेल्या पेशांत पाहिलं, की तिथे आलेला पुरुष जणू काचेच्या सरकत्या जिन्यावर उभा असतो. न चढताही वर जातो. बॅलेत हा जिना लहानपणीच सुरू होतो. मुलगा टिकावा म्हणून त्याचे लाड. मुलगी गेली तर तिच्या जागी दहा जणी तयार. ‘स्वान लेक’च्या हंसिणींच्या रांगेत एकीचा हात वितभर वर गेला तरी ती चूक. आज्ञाधारकपणा अंगात भिनवायचा आणि तिशीत विचारायचं, तुझी स्वतःची दृष्टी कुठाय?

2022च्या अखेरीस तमारा रोहो संचालक म्हणून सॅन फ्रान्सिस्को बॅलेत आल्या, त्याच सुमारास सुझन जाफी अमेरिकन बॅले थिएटरमध्ये. छानच झालं. पण संचालक नेमतं संचालक मंडळ, बंद दाराआड. कितीजणींना मुलाखतीला बोलावलं आणि कितीजणींची नावं पहिल्याच यादीत गळाली, हे फॉर्म 990मध्ये कुणी विचारत नाही.