बाण कोणी मारला?

प्रश्न सरळ ठेवतो. जातीच्या धाकानं ज्याची छाती धडधडते, त्यानं डोळे मिटून श्वास बघत बसावं, हे शहाणपण की पळपुटेपणा?

आपल्यातले बरेच जण पळपुटेपणा म्हणतील. त्यांचं मला कळतं. मी पिपरी मेघेचा, वर्ध्याला लागूनच. 1936 पासून गांधी सेवाग्रामात राहिले, सोमवारी मौन पाळायचे. तेव्हापासून आमच्याकडे शांत बसण्याचा मक्ता आश्रमांचा. आमच्या बापजाद्यांना मात्र मौन शिकावं लागलं नाही, त्यांना गप्पच बसवलेलं होतं. म्हणून कोणी 'शांत व्हा' म्हटलं की आपलं डोकं सणकतं. सणकावंच.

पण मला चिंतेचा आजार आहे. बारा वर्षं झाली. डॉक्टरनं त्याला लांबलचक इंग्रजी नाव दिलं. घरात आम्ही 'धडधड' म्हणतो. पहाटे तीनला जाग येते, पोटात मूठ आवळल्यासारखं होतं. अकरा महिन्यांची ऑर्डर संपत आली की भाकरी गिळत नाही. एका कार्यालयात जात पडताळणीची फाईल पडून होती, तेव्हा फोन वाजला तरी घाम फुटायचा. आता कोणी म्हणेल, ही भीती खोटी आहे, मनाचे खेळ आहेत. नाही बाबा. ऑर्डर खरोखर संपते. फाईल खरोखर अडते. 17 जानेवारी 2016 ला हैदराबादेत रोहित वेमुला गेला, 22 मे 2019 ला मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. त्या बातम्या वाचून आपल्या पोरापोरींच्या आयांच्या पोटात जो गोळा आला, त्याला रोग म्हणायचं का? मी म्हणणार नाही. पण तो गोळा बारा वर्षं पोटातच राहिला तर माणूस कामातून जातो, हेही खरं.

गोळ्या घेतल्या. बरं वाटलं. मग वस्तीतल्या विहारात सकाळी वीस मिनिटं आनापान करायला लागलो. नाकाशी श्वास येतो, जातो, एवढं बघायचं. मन पळालं की परत आणायचं. एक कार्यकर्ता मित्र म्हणाला, "काऊन बे, तू बी आता डोये मिटून बसतं का? मंग मोर्च्याले कोन येईन?"

त्याला उत्तर द्यायला मी सुत्तं उघडली. संयुत्त निकायात सल्लसुत्त आहे. माणसाला एक बाण लागतो, तो शरीराचं दुःख. त्यावर तो रडतो, तडफडतो, हा दुसरा बाण, मनाचा. सती असलेल्याला पहिला लागतो, दुसरा लागत नाही. मला हे पटलं. कारण पहाटे तीनला कार्यालय बंद असतं, साहेब घोरत असतो, तरी मी बाण खात असतो. तो दुसराच.

पण मज्झिम निकायातलं चूळमालुंक्य सुत्त वाचलं आणि अडकलो. विषारी बाण लागलेला माणूस म्हणतो, मारणारा क्षत्रिय की ब्राह्मण, वैश्य की शूद्र हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही. तो विचारत विचारत मरतो. दोस्तांनो, हा तर आपलाच प्रश्न! बाण कोणी मारला हेच विचारायला बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलं. मग बुद्ध आपल्याला गप्प बसवतोय का?

मला तसं वाटत नाही. मालुंक्यपुत्त विचारत होता जग शाश्वत आहे की अशाश्वत. त्या प्रश्नाचं उत्तर मिळूनही कोणाचं दुःख हलणार नव्हतं, म्हणून ती उपमा. आपल्या बाबतीत धनुर्धारी अजून समोर उभा आहे, दुसरा बाण लावून. त्याचं नाव विचारणं हा उपचाराचाच भाग झाला. बाण उपसायचाही आणि विचारायचंही.

1957 ला निघालेला 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' पुन्हा बघा. बाबासाहेबांनी म्हातारा, रोगी, प्रेत पाहून गृहत्यागाची गोष्ट नाकारली. त्यांचा सिद्धार्थ घर सोडतो तो रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांचं युद्ध होऊ नये म्हणून. पाण्याचं भांडण! महाडचा, 1927 चा माणूसच असं वाचू शकतो. पण त्याच ग्रंथात त्यांनी सम्यक स्मृती काढून टाकली नाही. मनाचा वाईट विकारांवर पहारा, सतत जागं राहणं, असा तिचा अर्थ लावला. झोपवणारी सती त्यांना नको होती.

म्हणून माझं एक भांडण आहे. सत्यनारायण गोयंकांनी 1969 पासून भारतात विपश्यना शिकवली, 1976 ला इगतपुरीचं केंद्र सुरू झालं, दहा दिवसांची फी घेत नाहीत. हे मोठं काम आहे. पण तिथं जुन्या, मागल्या जन्मापर्यंतच्या संस्कारांची भाषा आली की मी कान टवकारतो. ज्याला हजार वर्षं 'तुझंच पूर्वकर्म' म्हणून हाणलं, त्यानं ही भाषा गिळू नये. श्वास घ्यावा, ती बाजूला ठेवावी.

दुसरीकडे अमेरिका. 1979 ला मॅसॅच्युसेट्समध्ये जॉन कबाट-झिन यांनी हीच सती दवाखान्यात आणली, धम्माचं नाव न घेता. 2022 ला जॉर्जटाउनच्या डॉक्टरांनी चिंतेचे 276 रोगी घेतले. निम्म्यांना आठ आठवडे हा सराव, निम्म्यांना एसिटालोप्रामची गोळी. दोन्हीकडे चिंता जवळपास सारखीच उतरली. म्हणजे हे थोतांड नाही. पण आता कंपन्याही नोकरांना श्वास शिकवतात, आणि कामाचे तास तेवढेच ठेवतात. मालकाला हे स्वस्तच पडतं.

माझ्यात काय फरक पडला? धडधड गेली नाही. खिडकीवरचा बाबू "पूर्ण नाव सांगा" म्हणून आडनावाशी थांबतो, तेव्हा घसा अजून सुकतो. आधी मी तिथून निघून यायचो आणि रात्रभर त्याच्याशी मनात भांडायचो. आता घसा सुकला हे कळतं, पाय तिथंच राहतात. फाईलसाठी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांचा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं त्यांना. अर्ज लिहिताना हात थरथरला नाही, एवढंच.

सगळ्यांना हे मानवतं असंही नाही. ज्यानं मारहाण भोगलीय, घर जळताना पाहिलंय, त्याला डोळे मिटल्यावर तेच दिसू शकतं. त्याला जबरदस्तीनं बसवू नका. डोळे उघडे ठेवून चालू द्या, डॉक्टरकडे न्या, आणि विहारात बसतो म्हणून कोणाच्या गोळ्या परस्पर बंद करू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचार हा आपला हक्क आहे. 14416 या सरकारी नंबरवर फुकट बोलता येतं.

तो मित्र अजून बसत नाही. मी आग्रहही करत नाही. मागच्या मोर्च्याची पत्रकं आम्ही विहारातच घडी घातली, माझी वीस मिनिटं होईस्तोवर तो बाहेर पायरीवर बिडी ओढत थांबला होता.