लॉ फर्मला जागा किती पुरते?

लॉ फर्मला किती जागा लागते, हे वकिलांची संख्या मोजून ठरवण्याची पद्धत अमेरिकेत बरीच जुनी आहे. दर वकिलामागे आठशे ते हजार चौरस फूट, असा हिशेब एकेकाळी सर्रास होत असे, आणि तेव्हा तो चुकीचाही नव्हता. भिंतभर न्यायनिर्णयांचे खंड, प्रत्येक भागीदाराच्या दाराशी बसणारी सेक्रेटरी आणि फायलींच्या कपाटांची स्वतंत्र खोली एवढे सगळे त्या हजार फुटांत मावत असे. १९७३ मध्ये ‘लेक्सिस’ ही कायदेविषयक शोधसेवा सुरू झाली आणि निर्णय संगणकावर शोधता येऊ लागले. ग्रंथालय आटले, टंकलेखन वकील स्वतः करू लागले, पुढे न्यायालयांतली कागदपत्रेही ऑनलाइन दाखल होऊ लागली. जागेचा जुना हिशेब मात्र अनेक ठिकाणी तसाच राहिला. पार्सिपनीसारख्या गावात तो विशेष महागात पडतो.

न्यू जर्सीतल्या मॉरिस काउंटीतले हे गाव वकिलांना सोयीचे आहे. इंटरस्टेट ८० आणि २८७ येथे एकमेकांना छेदतात. काउंटीचे न्यायालय शेजारच्या मॉरिसटाउनला आहे. फेडरल आणि इमिग्रेशन न्यायालयांसाठी न्यूअर्क फार लांब नाही. मोठ्या कंपन्यांसाठी उभारलेली ऑफिस पार्क महामार्गांच्या कडेने पसरली आहेत, आणि त्यांतला बराच भाग अनेक वर्षे रिकामा आहे. या भागातल्या ऑफिस इमारतींची मोठी मालक असलेली ‘मॅक-कॅली’ ही कंपनी उपनगरी ऑफिसांच्या व्यवसायातून बाहेर पडून निवासी इमारतींकडे वळली. २०२१ मध्ये तिने नावही ‘व्हेरिस रेसिडेन्शियल’ असे केले. अशा बाजारात घरमालक भाडेकरूला भरघोस सवलती देतो, सुरुवातीचे काही महिने भाडे माफ करतो, आतले बांधकाम करून देतो. ‘स्वस्त आहे, तर थोडी जास्त घेऊन ठेवू’ हा मोह तिथेच होतो. खरे तर विपुलतेचा अर्थ याच्या नेमका उलट आहे. जागा दुर्मीळ असते तिथे भविष्यासाठी ती अडवून ठेवण्यात शहाणपण असते. जिथे दोन वर्षांनीही शेजारचा गाळा मिळण्याची शक्यता मोठी आहे, तिथे आजच त्याचे भाडे भरण्याचे कारण उरत नाही.

मग अजिबात ऑफिसच नको, या टोकापर्यंत जाता येते का? न्यू जर्सीत हा प्रश्न नियमानेच हाताळला आहे. राज्याच्या नियमानुसार वकिलाला खरेखुरे ऑफिस ठेवावे लागे. अशील तिथे भेटत, फायली तिथे असत, आणि कामाच्या वेळेत वकील किंवा त्याच्या वतीने जबाबदार व्यक्ती तिथे हजर असे. भाड्याने घेतलेला नुसता पत्ता, म्हणजे ‘व्हर्च्युअल ऑफिस’, या कसोटीला उतरत नाही, असे मत राज्याच्या समित्यांनी २०१० मध्ये दिले. २०१३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नियम सैल केला. कायमच्या ऑफिसची सक्ती गेली, पण फायली आणि हिशेब तपासता येतील, टपाल आणि समन्स स्वीकारले जातील असे एक ठिकाण नेमणे बंधनकारक राहिले, आणि अशिलांना व न्यायालयांना वकिलाशी तत्काळ व खात्रीने संपर्क साधता येण्याची जबाबदारीही. म्हणजे किमान जागा कायद्याने जवळजवळ शून्यावर आणली आहे. त्यापुढची किती घ्यायची, ते फर्मच्या कामानेच ठरवायचे.

इथे एकच कसोटी टिकते: दार बंद करून बोलावे लागणारे काम किती आहे? वकील ज्या गोष्टी ऐकतो त्या गुप्त ठेवणे हे त्याचे कर्तव्य आहे, आणि पातळ भिंतीतून शेजारी ऐकू जाणारा सल्ला त्या कर्तव्याचा भंग करू शकतो. पार्सिपनीतले अशील डोळ्यांसमोर आणावेत. गावात, विशेषतः लेक हायावाथा भागात, भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. एच-१बी, ग्रीन कार्ड, घरखरेदी, मृत्युपत्र ही त्यांची नेहमीची कामे. न्यू जर्सीत घराच्या करारावर तीन कामकाजी दिवसांचा वकिली तपासणीचा अवधी असतो, आणि उत्तर जर्सीत क्लोजिंग, म्हणजे खरेदीचा अंतिम व्यवहारही, बहुधा वकिलाच्याच ऑफिसात होते. मृत्युपत्रावर सही करायला साक्षीदार लागतात. इमिग्रेशनच्या सल्ल्याला नवरा-बायको दोघे येतात, कधी सोबत आईवडीलही. याउलट मसुदे लिहिणे, संशोधन आणि अनेक छोट्या सुनावण्या आज घरूनही होतात. त्यामुळे भागीदाराच्या सव्वादोनशे फुटांच्या केबिनपेक्षा दोन छोट्या, नीट आवाजबंद केलेल्या सल्ला-खोल्या अधिक उपयोगी ठरतात. केबिनचा आकार हा फर्ममधल्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. अशिलाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

नोकरदार अशिलांना संध्याकाळ किंवा शनिवार सोयीचा पडतो. अनेक ऑफिस पार्कांत मात्र मध्यवर्ती वातानुकूलन ठरलेल्या वेळेतच चालते आणि त्यानंतरचे तासाच्या दराने आकारले जाते. पाहणीला गेल्यावर हा दर विचारणे गालिच्याचा रंग पाहण्याइतके सहज व्हायला हवे. बहुतेकदा तो विचारलाच जात नाही.

कागद अजून पूर्ण गेलेला नाही. आर्थिक नोंदी सात वर्षे ठेवाव्या लागतात. फायली स्कॅन करून ठेवता येतात, पण मूळ मृत्युपत्र किंवा खरेदीखत ही अशिलाची मालमत्ता असते. तिला अग्निरोधक कपाट हवे. त्यासाठी स्वतंत्र दालन मात्र नको.

सहा वकील आणि तीन मदतनीस यांची फर्म उदाहरणादाखल घेऊ. १३० फुटांच्या सहा केबिन, मदतनिसांना १९०, बैठकीची एक खोली ३००, सल्ला-खोल्या २४०, स्वागतकक्ष २००, फायली-छपाई-चहा मिळून २४०: एकूण १,९५० चौरस फूट. वावरायच्या वाटांसाठी ३० टक्के धरले की २,५३५. त्यावर लॉबी, जिने, सामाईक स्वच्छतागृहे यांचा वाटा चढतो. पुण्या-मुंबईत कार्पेट आणि सुपर बिल्ट-अप यांतला जो फरक घर घेताना छळतो, तोच इथेही आहे. हा वाटा १८ टक्के धरला तर भाडे साधारण ३,००० फुटांवर द्यावे लागेल. जुन्या हिशेबाने, म्हणजे दर वकिलामागे आठशे फुटांनी, आकडा ४,८०० येतो. इथे भाड्याचा दर वर्षाच्या हिशेबाने सांगितला जातो, मुंबईसारखा महिन्याच्या नव्हे. तो फुटाला ३० डॉलर धरला, तर जादा १,८०० फुटांचे वर्षाला ५४,००० डॉलर होतात. सात वर्षांच्या करारात ३,७८,०००. एवढ्यात चांगला कनिष्ठ वकील काही वर्षे ठेवता येतो. सहाही जण रोज येत नसतील, तर केबिन सामाईक करून ३,००० चा आकडाही खाली आणता येतो.

करार लांबला की चूकही तेवढीच लांबते. सॅन फ्रान्सिस्कोची ‘ब्रोबेक, फ्लेगर अँड हॅरिसन’ ही मोठी फर्म २००३ मध्ये बंद पडली. डॉट-कॉम तेजीत घेतलेल्या जागांचे भाडे मंदीतही भरत राहावे लागणे, हे तिच्या पतनाचे एक ठळक कारण होते. छोट्या फर्मला धोका कमी नसतो, उलट जास्त असतो, कारण घरमालक अनेकदा भागीदारांची वैयक्तिक हमी मागतो. फर्म मिटली तरी ती हमी मिटत नाही. म्हणून रिकाम्या गाळ्यांच्या बाजारात भाडेकरूने आपले वजन मोफत महिने आणि महागडी लाकडी भिंतसजावट मिळवण्यात घालवू नये. मागायच्या गोष्टी वेगळ्या आहेत: तीन ते पाच वर्षांची मुदत, शेजारची जागा रिकामी झाल्यास पहिला हक्क, पोटभाडेकरू ठेवण्याची मुभा, मुदतीआधी करार मोडण्याची ठरलेली किंमत, आणि वैयक्तिक हमी द्यावीच लागली तर तिला वर्षागणिक उतरती मर्यादा. घरमालक यांतले काहीच द्यायला तयार नसेल, तर त्याच रस्त्यावरच्या पुढच्या इमारतीत चौकशी करावी.