त्वचेवरील मजकूर

माणसाची ओळख त्याच्या अंगावरील खुणेवरून पटते, असे सरकारी दप्तर मानते आणि समाजही मानतो. परंतु खूण उमटवणाऱ्याच्या अधिकाराची साक्ष ती जितकी निःसंशय देते, तितकी ती धारण करणाऱ्याच्या अंतरंगाची देत नाही.

आपल्या खेड्यापाड्यांतून पूर्वी गोंदणारीण फिरत असे. दोन-तीन सुया दोऱ्याने एकत्र बांधून ती काजळाच्या शाईत बुडवी, घरातली वडीलधारी बाई पोरीचा हात घट्ट धरून ठेवी, आणि पोरीचे रडे ओसरण्यापूर्वीच मनगटावर तुळस व कपाळावर ठिपका उमटून वर हळदही लागलेली असे. पोरीची संमती विचारण्याची वहिवाट नव्हती. तरीही, मेल्यावर दागिने उतरवून घेतात पण गोंदण संगती येते, या श्रद्धेने तीच पोर म्हातारपणी तो हिरवट पडलेला हात अभिमानाने पुढे करी.

याच सुईला ब्रिटिश अमलात निराळे काम मिळाले. 1797 पासून बंगाल इलाख्यात जन्मठेपेच्या कैद्याच्या कपाळावर त्याचे नाव, गुन्हा आणि शिक्षेची तारीख गोंदवण्याचा हुकूम होता; तो 1849 मध्ये रद्द झाला. हा मजकूर झाकण्यासाठी कैदी पागोटे भुवयांपर्यंत ओढून घेत. पुढे 1897 मध्ये कलकत्त्यास बोटांच्या ठशांचे दप्तर स्थापन झाले, आणि निसर्गाने आधीच लिहून ठेवलेले वाचण्याची विद्या अवगत झालेल्या सरकारला माणसाच्या कातडीवर स्वतः लिहिण्याची गरजच उरली नाही.

संमती त्या मुलीचीही नव्हती आणि कैद्याचीही नव्हती. मग एकीने मिरवावे व दुसऱ्याने लपवावे, हे कसे? याचे उत्तर शरीराच्या व्यवहारात सापडते. त्वचेचा वरचा थर काही आठवड्यांत झडून नवा येतो. गोंदणाची शाई त्याखालच्या थरात असते. तेथील भक्षक पेशी तिचे कण गिळून धरून ठेवतात, त्या मेल्या की कण मोकळे होतात, आणि नव्या पेशी ते पुन्हा उचलतात, असे 2018 मध्ये फ्रेंच संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. आपण जिला अक्षय समजतो, ती खूण वस्तुतः अखंड चाललेल्या पुनःस्वीकारावर टिकून असते.

मनाचेही असेच आहे. सासर-माहेरच्या, सणावारांच्या आणि सुखदुःखांच्या रहाटीत त्या स्त्रीने लादलेली खूण पुन्हापुन्हा उचलली आणि आपलीशी केली. कैद्याला मात्र तसे करण्यास जागाच नव्हती, कारण त्याच्या मजकुरात त्याच्या भावी आयुष्याला स्थान नव्हते. म्हणून पुण्या-मुंबईच्या टॅटूच्या दुकानात स्वेच्छेने, दाम मोजून उमटवलेली आकृती केवळ स्वेच्छेची आहे एवढ्यानेच आजीच्या गोंदणाहून अधिक खरी ठरत नाही. निवडीने खुणेचा आरंभ तेवढा शुद्ध होतो; ती ओळखीस पात्र ठरते की नाही, याचा निवाडा पुढचे आयुष्यच करते.