कुशल आणि मत

आपल्या जुन्या पत्रांची एक ठरलेली रीत होती. वडीलधाऱ्यांना शिरसाष्टांग नमस्कार, लहानांना अनेक आशीर्वाद, मग ‘विनंती विशेष’ आणि त्यापुढे घरचे कुशल. कोणाचे लग्न ठरले, यंदा पाऊस कसा आहे, गव्हाचा भाव काय. बहुधा या भावाचे बोट धरूनच पत्रात राजकारण शिरे. आज पत्रे थांबली, तरी रीत थांबलेली नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील आपल्या घरांतली मुले पुण्याला, बंगळूरला, अमेरिकेला गेली आहेत. घरी राहिलेले आजोबा सकाळी मोबाइलवर कुटुंबाच्या गटात बारशाचे छायाचित्र पाठवतात, आजीच्या गुडघ्यांची हकीकत कळवतात आणि त्याच ओघात कोणत्या पक्षाने देश बुडवला तेही सांगून टाकतात. कुशल आणि मत एकाच पाकिटातून जाते. ते तसे जावे काय, हा दिसायला साधा प्रश्न मला नैतिक प्रश्न वाटतो.

नातवंडांना वडिलकीचा उपदेश करण्याची परंपरा आपल्याकडे जुनीच आहे. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई यांनी आपल्या नातवाला, सवाई माधवरावाला, आचार आणि वागणूक यांविषयी लिहून पाठवलेला उपदेश प्रसिद्ध आहे. १७७४ साली जन्मलेला हा नातू तान्हेपणीच पेशवा झाला होता. त्याच्या वागण्यावर राज्याचे बरेवाईट अवलंबून होते. आज पेशवाई नाही. पण २८ मार्च १९८९ पासून मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले आणि प्रत्येक घरातला अठरा वर्षांचा नातू व नात आपापल्यापुरते राज्याचे धनी झाले. फरक एवढाच की, पेशव्याच्या निर्णयासाठी सल्ल्याची अपेक्षा होती, तर मतदाराच्या निर्णयाला कायद्याने एकांत दिला आहे.

मराठीत ‘मत’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक मत चारचौघांत बोलून दाखवायचे, दुसरे पडद्याआड द्यायचे. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे ९४वे कलम असे की, गुप्त मतदानात कोणाला मत दिले हे सांगण्याची सक्ती कोणत्याही साक्षीदारावर वा अन्य व्यक्तीवर करता येत नाही. जे भर न्यायालयात विचारता येत नाही, ते आपण जेवणाच्या पानावर सहज विचारतो, आणि तेही वडिलकीच्या नात्याने! नातवंडाला उत्तर टाळता येत नाही, कारण विचारणाऱ्यावर त्याचे प्रेम असते. मायेच्या पोटी केलेली सक्ती सक्ती वाटत नाही, एवढेच.

नोकरीत असताना निवडणुकीची कामे माझ्या वाट्याला अनेकदा आली. मतपत्रिकेवर ठप्पा मारण्याचे ते दिवस होते. माळव्यातील एका खेड्यात मी केंद्राध्यक्ष होतो. एक म्हातारी मुलाचा हात धरून आली. मुलगा म्हणाला, “साहब, माँ को समझता नहीं, मैं लगा देता हूँ.” म्हातारीला दिसत होते, हातपाय धड होते, अशा मतदाराबरोबर सोबत्याला आत सोडता येत नाही. मुलाला बाहेर थांबवले. म्हातारीने आत बराच वेळ घेतला, रांगेत कुरकूर सुरू झाली. ती बाहेर येताच मुलाने विचारले, “किस पे लगाया?” ती “लगा दिया” एवढेच म्हणाली आणि पदर सावरून चालू लागली. मुलगा वाईट नव्हता. आईच्या भल्याचेच त्याला करायचे होते. पण नात्याची हद्द त्या पडद्यापाशी संपते, हे त्या निरक्षर बाईला आपल्यातील पुष्कळ शिकलेल्या मंडळींपेक्षा नीट ठाऊक होते.

२०२४ साली माझ्या नातीचे पहिलेच मतदान होते. त्या वर्षी इंदूरच्या लोकसभा निवडणुकीत प्रमुख विरोधी पक्षाच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेतला आणि ‘नोटा’च्या पर्यायाला दोन लाखांहून अधिक मते पडली. घरोघर वाद चालले होते. नातीने मला विचारले, “आजोबा, तुम्ही कोणाला देणार?” मी म्हटले, “ते मी सांगणार नाही आणि तुलाही विचारणार नाही. बाकी हवे ते विचार.” तिने विचारले, “मग ‘नोटा’ म्हणजे मत वाया घालवणंच ना?” २०१३च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हा पर्याय आला, त्याला कितीही मते पडली तरी उरलेल्यांपैकी सर्वाधिक मतांचा उमेदवारच निवडून येतो, आणि तरीही कोणीच पसंत नाही हे नोंदवण्याचा तो एक सभ्य मार्ग आहे, असे मी तिला सांगितले. तिने काय केले ते मला आजही ठाऊक नाही.

कोणी म्हणेल, ही जुन्या अधिकाऱ्याची सवय आहे. मध्य प्रदेशच्या १९६५च्या सेवा आचरण नियमांप्रमाणे कर्मचाऱ्याला मत देता येते, पण ते कोणाला दिले वा देणार याची खूणही देता येत नाही. निवृत्तीनंतर ते बंधन सुटले, हे खरे. परंतु आजी-आजोबांनी राजकारणावर तोंडच उघडू नये, असे माझे म्हणणे नाही. इंदुरातल्या नळाला नर्मदेचे पाणी १९७८ साली आले, आणि त्याआधी १९७० साली नागरिकांना त्यासाठी आंदोलन करावे लागले. हे आपण सांगितले नाही, तर नातवंडांना पाणी आपोआप येते असेच वाटेल. मौन पाळणारा आजोबा निःपक्षपाती ठरत नाही. तो फक्त आपल्याजवळची शिदोरी घेऊन निघून जातो.

मात्र शिदोरी कोणती, हे ओळखले पाहिजे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हावे की संघप्रदेश राहावे, या प्रश्नावर घराघरांत फूल आणि दोन पाने असे तट पडले. ३४,०२१ मतांच्या फरकाने दोन पाने जिंकली आणि ३० मे १९८७ रोजी गोवा स्वतंत्र राज्य झाले. तेव्हा फुलावर शिक्का मारलेल्या आजोबांचे मत आज नातवाच्या उपयोगाचे नाही, कारण तो प्रश्नच निकालात निघाला आहे. पण राजकारणापायी भाऊ भावाशी कसा बोलेनासा होतो आणि पुढे कोणत्या निमित्ताने बोलू लागतो, हे त्यांनी पाहिले असेल, तर ते आजही उपयोगाचे आहे. मत शिळे होते. पाहिलेले तितक्या लवकर होत नाही.

याला एक अपवाद आहे. कुटुंबाच्या गटात एखाद्या समाजाची निंदा करणारा किंवा धडधडीत खोटा मजकूर आला, तर तिथे गप्प राहणे म्हणजे तटस्थता नव्हे. ‘हे खरे नाही’ असे घरातल्या वडीलधाऱ्यानेच प्रथम म्हटले पाहिजे. आणि असा मजकूर वडीलधाऱ्याकडूनच आला असेल, तर “आजोबा, कशावरून?” असे विचारणाऱ्या नातवंडाला उद्धट समजू नये. पक्षाचे वा पुढाऱ्याचे गुणदोष सांगायला माझी हरकत नाही. ते ऐकणाऱ्याला ‘कशावरून’ म्हणण्याची मोकळीक असावी आणि त्या प्रश्नानंतर पुढच्या रविवारचा फोन नेहमीच्याच वेळी, नेहमीच्याच आवाजात व्हावा, एवढेच माझे म्हणणे आहे.