रस्त्यावरचे प्रश्न आणि आठवी आज्ञा

संध्याकाळी उन्हे उतरली की आम्ही उभयता जुलीला घेऊन फिरायला निघतो. जुली ही आमची कुत्री. पांढरी, केसाळ, जेमतेम सहा किलो वजनाची. लोक तिला पॉमेरेनियन म्हणतात. खरे तर आपल्याकडे त्या नावाने ओळखली जाणारी पुष्कळशी कुत्री इंडियन स्पिट्झ जातीची असतात. चर्चपासून तळ्यापर्यंतची वाट वीस मिनिटांची, पण जुली बरोबर असली की पाऊण तास लागतो. कारण लोकांचे प्रश्न!

“केवढ्याला घेतली?” “हिला काय घालता खायला?” “इंजेक्शन दिलंय का?” “चावते का हो?”

विचारणारे बहुतेक अनोळखी असतात. आम्ही दोघेच चालत असलो तर कुणी मान वर करून पाहत नाही. कुत्री बरोबर असली की मात्र प्रत्येकाला बोलण्याचा परवाना मिळतो. पहिल्या चार प्रश्नांचे आम्हाला काही वाटत नाही. पाचवा प्रश्न मात्र काळजात रुततो: “मुलंबाळं नाहीत वाटतं तुम्हाला? म्हणून ही पाळलीत?”

आमच्या लग्नाला सोळा वर्षे झाली. मूल नाही. धर्मग्रामात ही गोष्ट लपलेली नाही. पण रिक्षाची वाट पाहता पाहता वेळ घालवण्यासाठी विचारणाऱ्या माणसासमोर ती कशी उलगडायची? एकदा तर एका सद्‌गृहस्थांनी आम्हाला पोप फ्रान्सिस यांचा दाखला दिला. ५ जानेवारी २०२२ रोजीच्या शिकवणीत पोपमहोदय मुलांऐवजी कुत्री-मांजरे पाळणाऱ्या जोडप्यांविषयी कडक बोलले होते, हे खरेच आहे. पण ज्यांना मूल होऊ शकत नाही त्यांनी दत्तक घेण्याचा विचार करावा, असेही त्यांनी त्याच दिवशी सांगितले होते. त्या वाटेनेही आम्ही जाऊन आलो आहोत. तीही कहाणी रस्त्यात उभे राहून सांगण्याजोगी नाही.

शेवटी आम्ही एक सोपी युक्ती शोधून काढली. कुणी जवळ येताना दिसले की आधीच म्हणायचे, “जरा लांब राहा हं, चावते ती!” माणूस दोन पावले मागे सरायचा आणि प्रश्न तोंडातच विरायचे. जुलीने आजवर कुणाला दात लावलेला नाही. पण कुत्रीविषयीच तर बोलतोय, यात कुणाचे काय नुकसान, असे आम्ही मनाला समजावले.

नुकसान झाले, आणि तेही आमचेच. आमच्या खालच्या मजल्यावर सात वर्षांचा एक मुलगा राहतो. शाळेतून आला की जिन्यात बसून तो जुलीच्या कानामागे खाजवायचा. घरचा अभ्यासही तिला वाचून दाखवायचा. एक दिवस तो यायचा बंद झाला. जिन्यात आम्ही दिसलो की त्याची आई त्याला हाताला धरून भिंतीकडे ओढू लागली. पुढे सोसायटीचे सेक्रेटरी घरी आले. “तुमची कुत्री चावते अशी तक्रार आहे,” असे ते अगदी नम्रपणे म्हणाले. कुणी सांगितले, असे आम्ही तावातावाने विचारले. ते क्षणभर गोंधळले आणि म्हणाले, “अहो, तुम्हीच तर सगळ्यांना सांगता.”

दहा आज्ञांपैकी आठवी आज्ञा खोट्या साक्षीविषयी आहे. ती आपल्या कुत्रीविरुद्धही मोडता येते, हे आम्हाला त्या दिवशी कळले. मुक्या प्राण्याला आपली बाजू मांडता येत नाही. आणि आमच्या घरात ज्या एकाच मुलाची पावले वाजत होती, ती आमच्याच शब्दांनी थांबवली होती.

मग काय करायचे? विचारील त्याला सगळे खरे सांगत सुटायचे? तसेही नाही. कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणीत (परिच्छेद २४८९) याचा विचार केलेला आहे. ज्याला सत्य जाणून घेण्याचा हक्क नाही त्याच्यापुढे ते उघड करण्यास कुणीही बांधलेला नाही, असे तेथे सांगितले आहे. गप्प राहणे किंवा जपून बोलणे हे पाप नाही. खोटे बोलणे मात्र पाप आहे. आमची गल्लत इथेच झाली होती. दार लोटून घेण्याचा हक्क आम्हाला होता. आम्ही मात्र दारावर खोटी पाटी लावली.

जुनाकरारातील तोबीतच्या ग्रंथात प्रवासाला निघालेल्या एका कुत्र्याचा उल्लेख आहे. आंधळा तोबीत आपल्या मुलाला, तोबियाला, दूरच्या मेदी प्रांतात पाठवत असतो. सोबतीला एक अनोळखी तरुण मिळतो. तोबीत त्याला कूळ आणि घराणे विचारतो. सोबती हवा आहे की कूळ, अशा अर्थाचा उलटा प्रश्न तो तरुण करतो. तरीही म्हातारा हट्ट सोडत नाही, कारण त्याला आपला एकुलता एक मुलगा सोपवायचा आहे. तेव्हा तो तरुण अजऱ्या हे नाव सांगतो. या नावाचा अर्थ ‘परमेश्वर साहाय्य करतो’ असा आहे. तो खरा कोण, तर महादूत राफाएल! ओळख झाकलेली राहिली, पण नावातच सत्य होते. उलट लूकच्या शुभवर्तमानात हेरोद राजा केवळ उत्सुकतेपोटी येशूवर प्रश्नांचा भडिमार करतो, तेव्हा प्रभू एका शब्दानेही उत्तर देत नाही. एकाच्या प्रश्नामागे काळजी होती, दुसऱ्याला फक्त गंमत हवी होती.

आम्ही आता हाच गज लावतो. “इंजेक्शन दिलंय का?” आणि “चावते का?” हे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून या प्रश्नांना आम्ही सरळ उत्तर देतो: दरवर्षी लस देतो, आजवर चावलेली नाही, पण अंगावर एकदम हात टाकू नका. काय खाते, कुठली जात, हे प्रश्न म्हणजे नुसता शेजारधर्म. त्यांना दोन शब्द बोलल्याने आपले काही जात नाही. कुणी एकटा जीव त्या निमित्ताने दिवसातले पहिले बोलणे बोलत असेल. किमतीच्या प्रश्नाला “ते असू द्या घरातच” असे हसून म्हणतो. आणि पाचवा प्रश्न आला की म्हणतो, “त्याबद्दल रस्त्यात नाही बोलत आम्ही. चला, जुलीला उशीर होतोय.” यात खोटे नाही, अपमानही नाही. पहिल्यांदा हे म्हणताना जीभ अडखळली. आता सवय झाली.

पण आपण सर्वांनी आरशातही पाहायला हवे. रविवारी मिस्सा संपली की चर्चच्या आवारात आपण काय विचारतो? “पोरीचं अजून जमलं नाही का?” “गोड बातमी कधी?” “मुलगा पाठवतो का पैसे गल्फमधून?” कुत्री बरोबर नसलेल्या माणसालाही आपण सोडत नाही. आम्हीही अनेकांना असे विचारले आहे. विचारण्याआधी मनाशी एवढेच म्हणावे: उत्तर कळल्यावर मी या माणसासाठी काही करणार आहे का? करणार असू तर घरी जाऊन, बसून, हळू आवाजात विचारावे. करणार नसू तर “बरे आहात ना?” एवढे पुरे.

सेक्रेटरी येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही खालच्या मजल्यावर गेलो. त्या मुलाच्या आईला सगळे सांगितले, पाचव्या प्रश्नासकट. कारण तिला ते जाणून घेण्याचा हक्क होता. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने चहा ठेवला. मुलगा अजून जुलीच्या कानाला हात लावत नाही. दोन पायऱ्या खाली बसतो आणि तेथूनच धडा वाचून दाखवतो. जुली कान टवकारून ऐकते.

हे प्रभो, आमच्या ओठांवर पहारा ठेव. विचारतानाही आणि उत्तर देतानाही. आमेन.